उताऱ्याबाहेरचं उत्तर

४ मार्च, मंगळवार

—आणि पुस्तकबांधणीची खळ खाली लागू नये म्हणून मी ढवळत उभी होते. पाणी भरून झालं होतं, ओटा पुसून झाला होता, दोघांचे डबे भरायचे बाकी होते. एका हाताने खळ ढवळायची, दुसऱ्या हाताने चहाचं भांडं उतरवायचं. कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या मैद्याचा तो निळसर वास घरभर. हे दारात बसून चपलेचा पट्टा लावत होते. म्हणाले, "उद्या तू उघड." मी म्हटलं, "बरं." वळून पाहिलंही नाही. खळीवरून नजर काढली की गाठी होतात.

त्या दुपारी हे दुकानात पुस्तकं दाबायच्या शिकंज्यापाशी स्टुलावर टेकले ते उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. त्यांनीच सांगितलं होतं. इतक्या वर्षांत कुलूप त्यांनी दुसऱ्या कुणाला उघडू दिलं नव्हतं, आणि नेमकं त्या दिवशी म्हणाले – उद्या तू उघड. त्यांना कळलं होतं. मी सगळ्यांना हेच सांगते, छातीठोक सांगते.

आज हे आठवलं त्याचं कारण एमएच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास. पहिलाच दिवस. बाईंनी वाचायला दिलेल्या उताऱ्यात एक बाई सकाळची कामं उरकत होती. पाच प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. माझे तीन चुकले. घरी येऊन ही वही काढली. कटिंगच्या उरलेल्या कागदांची आहे, मीच शिवली आहे. पानं लहानमोठी आहेत, चालेल.

६ मार्च, गुरुवार

क्लास औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिना चढताना औषधांचा वास येतो, वर गेलं की खडूचा. बाई माझ्या लेकीहून लहान. मला काकू म्हणतात. बाकीचा वर्ग त्यांच्यापेक्षाही लहान आहे. परवा मी आत गेले तेव्हा सगळे उभे राहिले – त्यांना वाटलं नवीन बाई आल्या! मी तिसऱ्या बाकावर बसले तसे मग हळूहळू खाली बसले.

बाईंनी विचारलं, "काकू, एमए कशाला करायचंय?"

मी म्हटलं, "पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचंय."

त्यांना ते कळलं नसावं. हसल्या, पण बऱ्या हसल्या.

बांधणीवाल्याच्या बायकोला पुस्तक पहिल्या पानापासून मिळत नाही. छापखान्यातून फर्मे जसे सुटतील तसे येतात – सोळा पानांचा एकेक. आज पाचवा, चार दिवसांनी दुसरा, आठवा वाटेतच अडकलेला. मी आठवी पास होऊन या घरात आले आणि घडी घालता घालता वाचायला लागले. हातात पाचवा फर्मा असला की पहिले चार मनाने रचायचे. हे शिलाई करता करता विचारायचे, "मग, पुढे काय?" मी सांगायची – हा भाऊ घर सोडणार, ती परत येणार. पुढचा फर्मा आला की पडताळा. बहुतेक वेळा माझंच बरोबर निघायचं. नाही निघालं तर हे म्हणायचे, "लेखक चुकला."

मॅट्रिक, मग बीए, सगळं बाहेरून केलं. बीएचं शेवटचं वर्ष हे गेल्यावर एकटीने. म्हणून मला या परीक्षेचं भय वाटत नाही. वाचणं हा माझा हातखंडा आहे. आहेच.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन. दर रविवारी असतो.

"आई, ये ना इकडे. ती मागची खोली रिकामीच आहे."

मी म्हटलं, माझी परीक्षा आहे.

"संध्याकाळी इथे फार शांत असतं गं. हे उशिरा येतात."

मी म्हटलं, मग बरंय, अभ्यास कर काहीतरी.

हसली नाही. दुकानाचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं. मग म्हणाली, "एक ठरवूया. पास झालीस तर राहा तिथेच, मी परत बोलणार नाही. नाही झालीस तर दुकान मामांकडे दे आणि इकडे ये."

मी म्हटलं, "ठरलं."

म्हणजे तिला वाटतं मला एकटीला झेपत नाही. गुडघा, दुकान, या वयात क्लास – पोरीने सगळं जोखलंय आणि म्हातारीला खोलीत बसवायचं ठरवलंय. बरं. होऊ दे परीक्षा.

१२ मार्च, बुधवार

आजचा उतारा: एक म्हातारा घड्याळजी. भिंगाला पट्टी बांधलेली. टेबल पुसतो, हत्यारं फडक्यात गुंडाळतो, दुकान कायमचं बंद करतो. प्रश्न – त्याने दुकान का बंद केलं? पर्याय: डोळे अधू झाले म्हणून; गिऱ्हाईक येईना म्हणून; मुलाकडे जायचं होतं म्हणून; उताऱ्यावरून सांगता येत नाही.

मी पहिल्यावर खूण केली. चूक.

बाई म्हणाल्या, "काकू, डोळ्यांचं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण भिंगाला पट्टी बांधलीय ना."

"म्हणजे भिंग फुटलंय."

"फुटलं ते हातातून पडलं म्हणून. पडलं ते दिसेनासं झालं म्हणून."

"हे कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं, कळतंय की."

वर्ग हसला. बाईही हसल्या, मग फळ्यावर चौकोन काढला. म्हणाल्या, हा उतारा. उत्तर या चौकोनात असेल तर घ्यायचं. नसेल तर चौथा पर्याय. बाहेरून आणायचं नाही, कितीही खरं वाटलं तरी. शिवाय चुकलं की गुण वजा.

मी मागचे सगळे सराव काढून बघितले. शब्दांचे अर्थ बरोबर, मध्यवर्ती कल्पना बरोबर, शीर्षक बरोबर. चुकलं ते सगळं एकाच प्रकारचं. आणि चौथा पर्याय – सांगता येत नाही – मी एकदाही निवडलेला नाही. एकदाही!

नसेल निवडला. मला सांगता येतं म्हणून नाही निवडला.

१५ मार्च, शनिवार

मामांना घड्याळजीची गोष्ट सांगितली. मामा कटिंगवर असतात, ह्यांच्या आधीपासून या दुकानात आहेत. नात्याने कुणाचेच मामा नाहीत, सगळ्यांचे मामा आहेत.

मामा म्हणाले, "बायकोशी भांडून बंद केलं असेल."

"बायको उताऱ्यात नाहीच मामा."

"म्हणूनच. भांडून माहेरी गेली असेल."

त्यांना परीक्षेला बसवलं तर माझ्याहूनही कमी मार्क पडतील. जरा बरं वाटलं.

१८ मार्च, मंगळवार

युक्ती काढली. पुठ्ठ्याला खिडकी कापली – सराव पुस्तकातल्या उताऱ्याच्या मापाची. पानावर ठेवली की फक्त उतारा दिसतो, वरचं खालचं झाकलं जातं. उत्तर शोधताना बोट खिडकीच्या आत ठेवायचं. ज्या ओळीवर बोट टेकता येईल तीच ओळ पुरावा. बोट टेकायला जागा नसेल तर चौथा पर्याय.

आज पाचपैकी चार. बाईंना खिडकी दाखवली. हातात घेऊन उलटसुलट बघत राहिल्या, म्हणाल्या, "काकू, कडा किती सरळ आहेत."

परीक्षेत नेऊ देणार नाहीत म्हणे. तोवर डोळ्यांना सवय होईल. नाही तर दोन तळवे आहेतच.

२३ मार्च, रविवार

पाचपैकी पाच. दोनदा.

लेकीला सांगितलं. "अरे वा," म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे होशील तू पास."

"होईनच."

"होशील गं. तू एकदा मनावर घेतलंस की घेतलंस. तुझं दुकान, तुझा अभ्यास. मला माहीत आहे."

पोरीला हार पचत नाही. बापावर गेली आहे.

२९ मार्च, शनिवार

आज दुकानात काम कमी होतं. मामा चहा पीत बसले होते. नवीन गिऱ्हाईक आलं होतं, प्रबंधाच्या प्रती बांधून हव्या होत्या. बोलता बोलता ह्यांचा विषय निघाला. मी नेहमीचं सांगितलं – त्याच सकाळी म्हणाले होते, उद्या तू उघड. त्यांना कळलं होतं. गिऱ्हाईकाने मान हलवली. सगळेच हलवतात. ऐकणाऱ्यालाही ते बरं वाटतं.

गिऱ्हाईक गेल्यावर मामा म्हणाले, "दाढ दुखत होती त्यांची."

"काय?"

"त्या आठवड्यात. लवंग धरून होते दाढेखाली. दुसऱ्या दिवशी दाखवायला जायचं असेल सकाळी."

"तुम्हाला म्हणाले तसं?"

"नाही. पण दाढ दुखत होती."

मी इतकी चिडले की शिलाईचा दोरा तुटला. एवढं मोठं वाक्य, आणि हा माणूस त्याला दाढ लावतो. दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी. जाताना मामा दारात थांबले, म्हणाले, "वहिनी, मी आपलं बोललो. मला काय माहीत." त्यांनाही माहीत नाही, हे ऐकून चिडण्याचंही काही उरलं नाही.

३० मार्च, रविवार

लिहूनच काढते.

उतारा: सकाळ. बायको खळ ढवळते. नवरा चपलेचा पट्टा लावतो. म्हणतो, "उद्या तू उघड." बायको म्हणते, "बरं."

प्रश्न: नवरा असं का म्हणाला?

अ) आपण उद्या नसणार हे त्याला कळलं होतं.
आ) त्याची दाढ दुखत होती.
इ) बायकोनेही कधीतरी कुलूप उघडावं असं त्याला वाटलं.
ई) उताऱ्यावरून सांगता येत नाही.

खिडकी ठेवली. बोट ठेवायला गेले. चपलेच्या पट्ट्यावर ठेवलं, खळीवर ठेवलं, 'बरं'वर ठेवलं. 'कळलं होतं' याला कुठे जागाच नाही. दाढेलाही नाही, तेवढं समाधान.

वळून पाहिलं असतं तर त्यांच्या चेहऱ्याची एक ओळ उताऱ्यात आली असती. नाही पाहिलं. खळ मात्र चांगली झाली होती, एक गाठ नव्हती. हेही खरं आहे.

ई.

वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. इतकी वर्षं ते वाक्य मी पाठीवर घेऊन फिरत होते, सगळ्यांना दाखवत. आज खाली ठेवलं तर लहानसं निघालं. कुणीही नवरा कुठल्याही सकाळी म्हणेल असं. आणि तसं असलं म्हणून ते काही कमी माझं झालं नाही.

लेकीचा फोन आला तेव्हा हे लिहीत होते. लवकर ठेवला. "बरी आहेस ना?" एवढंच म्हणाली.

५ एप्रिल, शनिवार

क्लासमध्ये शेवटचा मोठा सराव. वर्गात पहिली आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाली, "काकू, आमचे गुण खाल्लेत तुम्ही." मी म्हटलं, दात अजून शाबूत आहेत.

बाई बाजूला घेऊन म्हणाल्या, "काकू, आता फक्त एकच. शेवटच्या दिवशी जुनी सवय परत येते. सांभाळा."

नाही येणार. सवय मोडली मी.

१३ एप्रिल, रविवार

परीक्षा झाली.

मोठी शाळा होती, बाक खाली, गुडघा पोटाशी. पर्यवेक्षक माझ्याकडे बघून म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबायचंय." प्रवेशपत्र दाखवलं तेव्हा कानाची पाळी धरली बिचाऱ्याने. मग दोनदा पाणी विचारून गेले.

वाचनाचा उतारा: दोन बहिणी, एकीचं घर गावात, एकीचं दूर. दूरची दर आठवड्याला पत्र पाठवते – बाग कशी आहे, मांजर कसं आहे, खिडकीतून काय दिसतं. गावातली वाचून ठेवून देते. प्रश्न होता, दूरची बहीण काय कळवते आहे? पर्यायांत एक – आपल्या ऐश्वर्याचा दिमाख. एक – बागेची आवड. एक – तिला बहिणीची आठवण येते. आणि सांगता येत नाही.

दोन तळव्यांची खिडकी केली. चौथ्यावर खूण करणारच होते, आता तोच माझा लाडका आहे. तरी बोट फिरवलं. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ होती – तुला दाखवायला हवं. प्रत्येक. बाग बदलते, मांजराला पिल्लं होतात, ती ओळ बदलत नाही. बोट टेकायला पुरेपूर जागा. तिसऱ्यावर खूण केली.

बाकीचा पेपर हातचा मळ. बाहेर आल्यावर उसाचा नाही, लिंबाचा नाही, नुसता थंड पाण्याचा पेला प्यायले आणि चालत घरी आले. पास आहे मी.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. "कधी लागतो निकाल?" म्हणाली. तारीख सांगितली. "बरं," म्हणाली.

आमच्या घरात हा शब्द फार चालतो.

२० एप्रिल, रविवार

फोन आला नाही. मी केला. "कामात होते," म्हणाली. खोलीचा विषय काढला नाही.

२७ एप्रिल, रविवार

त्या दोन बहिणी डोक्यातून जात नाहीत.

दुकानात पाठकोरे कागद लावत बसले होते, तेव्हा लेक काय काय बोलते ते आठवायला लागले. माझं म्हणणं नाही – तिचं, तिच्या शब्दांत. ये ना इकडे. मागची खोली रिकामीच आहे. संध्याकाळी फार शांत असतं. हे उशिरा येतात. तुझं दुकान, तुझा अभ्यास. बरी आहेस ना?

तुला झेपत नाही – हे कुठे आहे? शोधलं. एकदाही नाही. म्हातारी झालीस – नाही. लोक काय म्हणतील – नाही. हे सगळे फर्मे मी लिहिले आणि तिच्या नावावर बांधले.

मग ती का बोलावते? माझ्याकडे पर्याय तयार होता, पण हात थांबला. परत घाई नको.

ह्यांचं उत्तर 'सांगता येत नाही' हेच राहणार. त्यांना विचारायची सोय नाही. हिचा तर फोन लागतो.

निकाल लागू दे. आधी विचारलं तर तिला वाटेल, आई हरायच्या भीतीने बोलतेय. निकाल लागला की विचारते.

२ मे, शुक्रवार

नाव आहे. यादीत वरून चौथं. वाचन विभागात पूर्ण गुण. बाईंनी फोनवरच "काकू!" म्हणून अशी हाक मारली की मामांनी कटिंग थांबवलं. मामा म्हणाले, "आता तुम्ही मास्तरीण होणार, मग आम्हाला ओळखणार का?" मी म्हटलं, आत्ता तरी कुठे ओळखते. पेढे त्यांनीच आणले, त्यांनीच जास्त खाल्ले.

दुपारी लेकीला सांगितलं.

"छान झालं आई. खरंच छान झालं." मग, "ठरल्याप्रमाणे. मी परत बोलणार नाही."

मी विचारलं, "तू मला कशासाठी बोलावत होतीस?"

"आता कशाला ते."

"मला कळलेलं नाही. मला वाटायचं, कळलंय. तू सांग."

मग म्हणाली, "बाबा गेले तेव्हा मी रात्रभर प्रवास करून आले होते. सकाळी घरी पोचले तर तू घरात नव्हतीस."

मी पेढ्यांचा पुडा बाजूला सारला.

"तू दुकान उघडायला गेली होतीस. मी स्वयंपाकघरात उभी राहिले. म्हटलं, आई रडत नाही, तर मी कुठे रडू. मग परत गेले. तिथे ह्यांच्यासमोर नाही रडता येत, ते घाबरतात. अजून व्हायचंच आहे ते. म्हणून म्हणत होते, ये."

मी म्हटलं, "तुझ्या बाबांनीच सांगितलं होतं गं. उद्या तू उघड म्हणाले होते."

"कुणाला?"

"मला. त्या सकाळी."

"मला कधी बोलली नाहीस."

नव्हते बोलले. गिऱ्हाइकांना सांगितलं, शेजारी सांगितलं, औषधवाल्यालाही सांगितलं. तिला नाही. मला वाटलं होतं, तिला माहीतच असेल. तो फर्मा तिच्यापर्यंत पोचलाच असेल, असं मी धरून चालले.

"अजून काय म्हणाले?" तिने विचारलं. लहानपणी विचारायची तसं.

"एवढंच. चपलेचा पट्टा लावत होते."

"कुठली चप्पल? ती तपकिरी?"

"तीच."

मग ती रडायला लागली. मीही. फोनवर काही नीट जमत नव्हतं. मामा आले, बघितलं, आणि पुढचा दरवाजा ओढून बाहेर जाऊन उभे राहिले.

४ मे, रविवार

शुक्रवारी तो फोन झाला. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. सकाळच्या गाडीने लेकीकडे आले.